नारळाचं पाणी आन् भोरचे चाचा

"डबी दिसंना! अहो, कॉम्प्युटरमधी डबी दिसंना!"

मी फोनवर वरडत हुते. तिकडनं आमचं मालक म्हणले, "वायर काढ आन् परत घाल." म्या काढली, घातली. चारदा घातली, पाचदा घातली. काळ्या डबीवरचा हिरवा दिवा लागायचा, आन् पडद्यावर काय म्हणून काय न्हाई. कडेवर दीड वर्साची पोरगी, ती माजं मंगळसूत्र तोंडात घालून वढतीय, फोन खांद्यात दाबलेला.

"कॉम्प्युटर पुसून झाला का?" मालकांनी इचारलं.

"झाला की. तुमीच म्हणलात, निळं आलं की एंटर दाब, परत इचारलं तर परत दाब. दाबलं म्या."

तिकडनं मालकांनी कपाळावर हात मारला, तो मला फोनमधी ऐकू आला.

पहिल्यापास्नं सांगते. किकवीला हायवेच्या कडंला आमचा नवरा-बायकोचा फोटो स्टुडिओ. लग्नाचं शूटिंग, पासपोर्ट फोटो, झेरॉक्स. मी सातवी शिकलेली, पर मालकांनी मला फोटो काढाय, सीडी भराय शिकवलेलं. ते बाहेर गेले की दुकान माज्यावर. त्या येळी ते आदल्या दिवशीच साताऱ्याकडं शूटिंगला गेलेले, आन् अजून दोन दिवस यायचे नव्हते. सकाळी बटन दाबलं तर कॉम्प्युटर चालूच हुईना. मालक फोनवर म्हणले, ती सीडी घाल, सगळा पुसून परत भर, भिऊ नको, सगळ्याची नक्कल काळ्या डबीत हाय. डबी म्हंजी बाहेरनं जोडायची हार्डडिस्क, अर्ध्या विटेएवढी. तर म्या कॉम्प्युटर पुसला, आन् डबी दिसंना. म्हंजी दोन्हीकडचं गेलं.

डबीत बाकीची लग्नं हुती ती लोकांना देऊन झालेली. पर दोन गोष्टी अशा हुत्या की दुसरीकडं कुठंच नव्हत्या.

एक, शिवऱ्याच्या फौजीचं लग्न. मे महिन्यात झालेलं. आमच्याकडनं सीडी द्यायची ऱ्हात ऱ्हात गेली, आन् आता तो दसऱ्याच्या सुट्टीवर आलेला, उद्या सकाळी परत जाणार. सीडी संगं न्यायची म्हणून दोन हेलपाटे घालून गेला हुता. कॅसेट कुठाय म्हणाल, तर कॅसेट मालक पुसून पुढच्या लग्नाला वापरायचे. सगळेच शूटिंगवाले वापरायचे.

आन् दुसरं, माजं माहेर. वेल्ह्याच्या खोऱ्यात माजं गाव हुतं, ते धरणात गेलं. गाव उठायच्या आधीची शेवटची जत्रा एकानं शूटिंग करून ठिवलेली. त्यात सगळं हाय. देऊळ, पार, वढा, एकेकाचं दार. आमच्या दारात आई तांदूळ निवडतीय आन् शूटिंगवाल्याला म्हणतीय, "बाजूला सर की रं, उजेड आडवतूस." कॅसेटला बुरशी धरली म्हणून मालकांनी ते डबीत घेतलेलं. आई आता दौंडाकडं ऱ्हाती, जितं जागा दिली तितं. दिवाळीला आली की फराळाच्या आधी म्हणती, "लाव की ग गाव." मंग आमी गाव लावायचो. ती पडद्याला बोट लावून सांगायची, ह्या जात्यावर तुजी आत्या दळायची, ह्या भिताडाला म्हस घासायची. गाव बघून झालं की मंग चकली खायची.

दिवाळी पंधरा-वीस दिवसांवर हुती.

मालक शेवटी येवढंच म्हणले, "भोरला जा. चाचाकडं. आन् त्यास्नी घाई करू नको, न्हाईतर परत लावून देतील."

चाचांना मी आधीपास्नं वळखत हुते, मालकांच्या बरुबर दोन-चारदा गेलेले. त्यांच्या दुकानाला पाटी नव्हती. भोरच्या बाजारात भांड्याच्या दुकानामागं एक बोळ, त्या बोळात खालच्या खोलीत दुकान आन् मागच्या खोलीत संसार. आधी ते रेडिओ दुरुस्त करायचे, मंग शिवणाची मशिनं, मंग टीव्ही, आन् कॉम्प्युटर आले तसं कॉम्प्युटर. कुठं शिकला म्हणून इचारलं की म्हणायचे, "उघडून बघितलं." भर उन्हाळ्यात अंगात बिनबाह्यांचा स्वेटर, कारण त्याला चाचींनी चार खिसे शिवलेले आन् पकड, पेचकस, खडू, आडकित्ता ज्येचा त्येचा खिशात. स्वेटर काढला तर हत्यारं कुठं ठिवायची, असं त्यांचं म्हणणं.

फळीवर लोणच्याच्या बरण्या मांडलेल्या. एकेकीवर खडूनं गावाचं नाव. आंबवडे, किकवी, शिवरे. त्यात त्या त्या गावच्या मशिनींचे उरलेले स्क्रू. किकवीच्या मशिनीला आंबवड्याचा स्क्रू लावणार न्हाईत, मरा पर न्हाई. आमचं मालक एकदा हासले, "चाचा, स्क्रूला कुठलं आलंय गाव?"

चाचा म्हणले, "तुला हाय न्हवं? मंग त्यानं काय घोडं मारलं?"

एकदा माज्या डोळ्यादेखत एक साहेब आलेले, जीपमधनं, सफारी घालून. म्हणले, "लवकर आटपा, मला मीटिंग हाय." चाचांनी मशीन उघडलेलं हुतं. त्यांनी एकेक स्क्रू परत बसवला, फडक्यानं मशीन पुसलं, आन् साहेबाच्या हातात दिलं. "मीटिंग करून या."

साहेब लालेलाल. आतनं चाची वरडल्या, "अहो, गिऱ्हाईक हाय ते!"

"गिऱ्हाईक कुठलं, वारं हाय ते. दार लोट जरा."

तो साहेब चार दिवसांनी आला, गुमान पायरीवर बसला, दोन तास. चाचांनी त्येचं मशीन असं लावलं की पुढं वर्सभर त्याला यावं लागलं न्हाई. चाची मला म्हणल्या, "बग, म्हणून आमच्याकडं गिऱ्हाईक टिकत न्हाई. ह्यांनी दुरुस्त केलेलं बिघडत न्हाई मेलं."

तर मी डबी पोरीच्या दुपट्यात गुंडाळली, वडापच्या जीपनं कापूरहोळ, तितनं एसटीनं भोर. एसटीत पोरगी वकली. बोळात पळत शिरले तवा मला धाप लागलेली. चाचा खाली मांडी घालून बसलेले, म्होरं कुणाचा तरी टीव्ही पालथा.

वर बघून म्हणले, "किकवी." माजं नाव त्यांच्या कधी ध्यानात ऱ्हायलं न्हाई. त्यांच्या लेखी मी किकवीच.

"चाचा, डबी दिसंना, कॉम्प्युटर म्या पुसला, फौजी उद्या जातोय, माज्या आईचं गाव..."

"पाणी पी."

"चाचा, उद्या सकाळी..."

"तांब्या तितं हाय. तापल्या माणसाचं मशीन मी उघडत न्हाई."

चाची बाहेर आल्या, पोरगी माज्या कडेवरनं उचलली. "आग बाई, हिचं तोंड बग कसं सुकलंय. अहो, आधी हिच्या आईला बसा तर म्हणा."

"बसलीय की ती."

"तुमच्या तारंवर बसलीय!"

मी उठले. खरंच तारंवर बसलेले. पाणी प्याले. चाचांनी डबी हातात घेतली, वल्या लेकराला धरावं तशी, आन् म्हणले, "आता सांग. काल सकाळपास्नं काय काय केलंस?"

"काय न्हाई केलं."

"काल काय हुतं?"

"खंडेनवमी."

"मंग?"

"मंग काय न्हाई."

मी खाली बघितलं. चाची पोरीला घेऊन दारातच उभ्या.

"बरं," चाचा म्हणले. डबीला वायर लावली, पेचकसाचं टोक डबीवर टेकलं, आन् मूठ कानाला लावली. डॉक्टर नळी लावतो तसं. डोळे मिटले. "फिरतीय. म्हंजी जीव हाय."

मंग एकेक बदलून बघाय लागले. त्यांची रीत अशी की एका येळी एकच बदल. आन् केलेला बदल दाराच्या आतल्या अंगाला खडूनं लिवायचा, म्हंजी परत तेच केलं जात न्हाई. दुसरी वायर लावली, डबी दिसंना, लिवलं 'वायर न्हाई'. म्होरलं भोक सोडून कॉम्प्युटरच्या मागल्या भोकात घातली, तितं जोर जास्त असतो म्हणले. दिसंना. 'मागं न्हाई'. कॉम्प्युटर बंद करून, आधी डबी लावून, मंग चालू केला. 'आधी लावून न्हाई'. दुसरा कॉम्प्युटर. 'दुसरा न्हाई'. एक न्हाई लिवलं की मी दाराकडं बघायचे, ऊन कुठवर आलं ते. आन् चाचा आपले निवांत, बोळाच्या तोंडाला एसटी वाजली की मधीच म्हणायचे, "ही वेल्ह्याची. तिसऱ्या गेरात रडती."

मंग खडू खिशात घातला. "आता उघडायची. कुठनं बघाय लागू, ते तू सांगितलंस तर लवकर सापडंल. न्हाई सांगितलंस तरी सापडंल, पर तवर काय जळंल सांगता येत न्हाई."

माजं रडू फुटलं. म्या सांगितलं. काल खंडेनवमीला सगळी हत्यारं पूजायची म्हणून म्या दुकानातला पासपोर्टचा कॅमेरा मांडला, कॉम्प्युटर मांडला, डबी मांडली. मालकांनी जाताना सांगितलेलं, नुसतं फूल वाहा. पर नुसतं फूल वाहून काय पूजा हुती व्हय? पोटापाण्याचं हत्यार ते. म्या हळद-कुंकू पाण्यात कालवलं आन् सगळ्यांना बोटं वढली. डबीला तर तिच्या तोंडापाशी, वायर घालायची तितं, चांगलं ठसठशीत. आन् नारळ फोडला तो कॉम्प्युटरम्होरंच फोडला, पाणी उडलं ते डबीवर आन् कॉम्प्युटरच्या आत. म्या पदरानं पुसलं. वरनं पुसलं.

मला वाटलं आता चाचा हाकलून देतील. ते म्हणले, "नारळ. हां."

चाची तोंडाला पदर लावून हासाय लागल्या. "आग, ह्यांना सगळं ठावं असतं. दसऱ्याच्या पुढं आठ दिवस आमचं दुकान हळदीचंच असतंय. शिवणाच्या मशिनी यायच्या तवापास्नं. तेलाच्या भोकात हळद! सकाळपास्नं तुज्यासारखे तिघं येऊन गेले. पर नारळ फोडणारी तूच पहिली."

"मंग चाचा, हळद हाय म्हणून तुमी आधीच का न्हाई म्हणलात?"

"म्या म्हणलं असतं, तर तू हो हो म्हणली असतीस. भ्यालेलं माणूस कशालाबी हो म्हणतं. नारळ राहूनच गेला असता."

"लई शहाणे," चाची म्हणल्या. "लग्नाच्या दुसऱ्या दिवशी माज्या बापाच्या रेडिओत चहा कुणी वतला हुता?"

"सांडला."

"वतला."

चाचांनी पेचकस घेऊन डबी उघडली. आत नारळाचं पाणी वाळून चिकट झालेलं, त्यात हळद, पिवळा काला. दाताच्या ब्रशानं आन् स्पिरिटनं एकेक झाळलेला टाका घासला. मंग आतली हार्डडिस्क सोडवली, डबीचं टरफल बाजूला ठिवलं, आन् हार्डडिस्क सरळ आपल्या कॉम्प्युटरच्या पोटात चपट्या वायरच्या पट्टीनं जोडली. चालू केला. मी देवाचं नाव घेत हुते, चाची त्यांच्या.

दिसली! पडद्यावर डबीतली नावं आली. म्या टाळी वाजवली, पोरीनं पण वाजवली.

चाचांनी टाळी वाजवली न्हाई. पेचकस कानाला लावला, मंग हार्डडिस्कच्या खालच्या अंगाला बोट टेकलं, आन् माजंबी बोट धरून टेकवलं. तव्यावानी तापलेली.

"पाणी आतपातूर गेलंय," चाचा म्हणले. टेबलफॅन वढून तिच्याकडं तोंड केलं. "चालतीय तवर चालतीय. एकदा थांबली की परत उठायची न्हाई. सगळं काही निघणार न्हाई. एका येळी एकच काढायचं. पहिलं कुठलं?"

मला कळलंच न्हाई. मंग कळलं.

"चाचा, तुमी सांगा."

"ते ठरवणं माज्याकडं न्हाई."

"मालकांना फोन लावते." लावला. शूटिंग चालू असलं की ते फोन बंद ठिवतात. बंदच हुता.

चाची म्हणल्या, "पोरी, मला वाटतं..."

"तू गप," चाचा म्हणले. चाचींना असं तोडून बोलताना म्या त्यांना त्या येळेलाच ऐकलं. "तिचं हाय ते. तिला करू दे."

मंग ते उठले, उंदीर माज्या हातात दिला, कॉम्प्युटरचा उंदीर, आन् बोळाकडं तोंड करून उंबऱ्यावर बसले, माज्याकडं पाठ. चाची पोरीला घेऊन आत गेल्या.

पडद्यावर दोन नावं. एक 'शिवरे लग्न'. एक 'गाव'. मालकांनी लिवलेली. फॅन घरघरतोय, हार्डडिस्क टकटक करतीय, आन् मी. फौजी दोन हेलपाटे घालून गेलेला. त्येचं लग्न आमच्या भरवशावर. त्येला देणं हे आमचं कामच. आन् आई माजी. दुसरं गाव कुठनं आणणार ती, ते तर पाण्याखाली. फौजीची बायको तर हाय, घर हाय, गाव हाय. असंबी आलं मनात. मंग वाटलं, त्यो कुठं बॉर्डरवर असतो, काय बरं-वाईट झालं तर त्या पोरीकडं काय ऱ्हायलं? येवढं सगळं आलं, आन् तवर हार्डडिस्क तापतच हुती.

म्या 'गाव' वर दाबलं.

चाळीस मिनिटं लागली. पुरं निघालं. शेवटपातूर. मंग 'शिवरे लग्न' वर दाबलं. देवक निघालं, हळद निघाली, नवरदेवाची मिरवणूक निघाली. आन् मंग आतनं खट्ट आवाज आला आन् पडदा थांबला. चाचा पाठमोरेच म्हणले, "गेली." उठून आले, हार्डडिस्कवर हात ठिवला, थोडा येळ तसाच ठिवला. अक्षता पडायच्या राहिल्या. पाठवणी राहिली.

जे निघालं त्याच्या सीड्या चाचांनी करून दिल्या. माज्या हातात देताना वर काय लिवलंय तेबी बघितलं न्हाई.

दुसऱ्या दिवशी सकाळी फौजी आला. लोखंडी ट्रंक, नवी बायको संगं, हायवेपातूर सोडाय आलेली. म्या सीडी दिली.

"सगळं हाय ना, वहिनी?"

"निम्मं हाय भाऊ. मशीन बिघडलं. अक्षता न्हाईत त्यात."

खोटं नव्हतं ते. त्येनं सीडीकडं बघितलं, बायकोकडं बघितलं. ती म्हणली, "असू द्या. हळदीचं हाय न्हवं?" तो म्हणला, "वहिनी, तुमी पोरीला घेऊन भोरपातूर गेलात म्हणं. लई केलंत." आन् मला हात जोडले. मला. गाडी आली, तो गेला.

दिवाळीला आई आली. म्हणली, "लाव की ग गाव." म्या लावलं आन् भांडी घासायचीत म्हणून आत गेले.

मंग मी न ऱ्हावून भोरला गेले. चाचा बरण्या पुसत हुते. म्या सांगितलं, पहिलं कुठलं काढलं ते. "चुकलं का माजं, चाचा?"

चाचा बरणी पुसता पुसता म्हणले, "मागं एक मास्तर आलता. असंच, दोन हुती. मी शहाणा, म्या सांगितलं, मास्तर, आधी हे काढा. ते निघालं, दुसरं गेलं. मास्तरनं मान डोलावली, बरोबर केलंत म्हणला. पर तवापास्नं मी बाजारात दिसलो की रस्ता बदलतो. भला माणूस. रोज माज्याकडं चहाला यायचा." झाकण लावलं, बरणी फळीवर ठिवली. "तू तरी येत जा, किकवी."

मी जात ऱ्हायले. मालकांना म्या कधी सांगितलं न्हाई. त्यांनी एकदा चाचांनाच इचारलं, आधी कुठलं काढलं हो तिनं? चाचा म्हणले, "मी बाहेर बघत हुतो. वेल्ह्याची एसटी आलती."

आता चाचा न्हाईत. चाची लेकीकडं गेल्या, त्या बोळात आता मोबाईलवाला बसतो. फौजी सुट्टीवर आला की किकवीला उतरतो, दुकानात डोकावतो, "बरं हाय का वहिनी" म्हणतो. त्येला दोन लेकरं झाली. परवा थोरलीला घेऊन आलता. ती मला म्हणली, "काकू, मम्मी-पप्पाच्या लग्नातलं अक्षताचं न्हाई का तुमच्याकडं?" म्या म्हणलं, न्हाई बाळा. आन् तिच्या हातावर गोळी ठिवली.

आई तर अजूनबी दर दिवाळीला गाव बघती. तिला बघून मला वाटतं बरोबर केलं, आन् त्या पोरीला बघून वाटतं न्हाई केलं. चाचा पाठ करून बसलेले, चाची आत, मालकांचा फोन बंद, आन् तुमच्या हातात उंदीर. तुमी असता तर कशावर दाबलं असतं? खरं सांगा.